कांस्याचे पेढे

"काकू, हात पुढे करा. पेढे आहेत."

कुंपणावरून आधी डबा आला, मग सई दिसली. लंडनजवळच्या स्लावमधल्या या गल्लीत दोन मराठी घरं अशी शेजारी-शेजारी आहेत. मागच्या अंगणांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी मागल्या वादळात पडली. ती बसवायची कुणी, हा विषय दोन्ही घरांनी अजून काढलेला नाही.

काकू दोरीवर चादर घालत होत्या. दातांतला चिमटा न काढताच त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"अगं बाई! कशाचे गं? काही गोड बातमी?"

"गोडच आहे, पण तुमच्या मनातली नव्हे. आम्हाला ब्राँझ मिळालं. फोर्सचं."

चिमटा निघाला. "ब्राँझ? म्हणजे तिसरा नंबर? आणि त्याचे पेढे? माझ्या माहेरी दुसरा नंबर आला तरी वडील अबोला धरायचे."

"नंबर नाही हो, पायरी आहे. आधी ब्राँझ, मग सिल्व्हर, मग गोल्ड. ब्राँझ नसेल तर सिल्व्हरच्या दारात कुणी उभं करत नाही."

"आणि हे फोर्स म्हणजे? पोलिसांचं?"

"पोलिसांचा काही संबंध नाही. फ्लीट ऑपरेटर रेकग्निशन स्कीम. लॉऱ्या, व्हॅन, बसगाड्या धंद्याला लावणाऱ्यांसाठी आहे. ट्रान्सपोर्ट फॉर लंडननं 2008 मध्ये काढली, आता लंडनबाहेरचेही घेतात. गाड्या नीट ठेवता का, ड्रायव्हर कसे आहेत, ऑफिसातले कागद खरे आहेत का, रस्त्यावर माणसं सांभाळून चालवता का, हे सगळं ऑडिटर येऊन बघतो. त्याला पटलं तर शिक्का."

"ऑडिटर म्हणजे काळा कोट, टक्कल, पुढ्यात फायलींचा ढीग?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला कशाला कळायला हवं? कोपऱ्यावरच्या बाईनं सांगितलं. तिचा मुलगा तुमच्या यार्डाच्या शेजारीच कामाला आहे ना! म्हणाली, टॅक्सचा माणूस सकाळपासून ठाण मांडून बसलाय, चहाला हात लावत नाही. मी म्हटलं, असेल बाई, सात-सात टिपर पाळायचे म्हणजे काय खायचं काम आहे? थोडं इकडचं तिकडे होणारच. मी तुझीच बाजू घेतली हो."

"दिसतंच आहे."

"पण मला एक सांग, सरकारनं सक्ती केलीय का याची?"

"सक्तीचं ते ओ-लायसन्स. ऑपरेटरचं लायसन्स. साडेतीन टनांच्या वरची गाडी धंद्याला लावायची तर त्याच्यावाचून चाक हलवता येत नाही. फोर्स आपणहून घ्यायचं."

"आपणहून कोण असली बला गळ्यात घालून घेतं?"

"ज्याला काम हवं तो घेतो. लंडनमध्ये मोठ्या बांधकामाच्या फाटकाशी आमची गाडी उभी राहिली की आधी विचारतात, फोर्स आहे का? कुठलं? काही ठिकाणी ब्राँझवर भागतं, काही ठिकाणी सिल्व्हरच हवं. एचएस-टू रेल्वेची कामं घ्या, नाही तर कौन्सिलची कंत्राटं घ्या, टेंडरमध्येच लिहिलेलं असतं. खोदकामाची माती काय, कुणीही वाहील. कुणाला वाहू द्यायची, ते या शिक्क्यावर ठरतं."

"म्हणजे सक्ती नाही, फक्त उपाशी राहायची मोकळीक आहे."

"तसंच समजा."

काकूंनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला. मागच्या अंगणात ऐकायला फक्त एक मांजर होतं, पण सवय जात नाही.

"आता विषय निघालाच आहे म्हणून विचारते. तुमच्याविरुद्ध पेपरात छापून आलं होतं ना? मी कात्रण जपून ठेवलंय."

"आमच्याविरुद्ध?"

"यार्डाचं गं. पत्ता होता, गाड्या किती ते होतं, आणि खाली लिहिलेलं की आसपास राहणाऱ्या कुणाला त्रास होणार असेल त्यानं लेखी कळवावं. म्हटलं, गेली बिचारी पोर. पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही."

"कुणापाशीच?"

"ह्यांना सांगितलं. आणि हॅरोच्या जाऊबाईंना. त्या काय परक्या आहेत?"

सई कुंपणावर कपाळ टेकवून हसायला लागली. "काकू, ती जाहिरात आम्हीच पैसे भरून दिली होती! ओ-लायसन्ससाठी अर्ज केला की गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार, ते स्थानिक पेपरात छापावंच लागतं. जवळ राहणाऱ्यांनी ते वाचायचं आणि आवाजाचा, धुराचा, दिव्यांचा त्रास होईल असं वाटलं तर ट्रॅफिक कमिशनरकडे हरकत घ्यायची. जाहिरात आल्यापासून 21 दिवसांत."

"शेजाऱ्यांनी बोलायचं हे कायद्यातच आहे?"

"आहे ना."

"आणि दिवस एकवीसच?" काकूंना ते फारच तुटपुंजं वाटलं.

"मग पैसे दाखवायचे. पहिल्या गाडीमागे आठेक हजार पौंड, पुढच्या प्रत्येकीमागे साडेचारेक हजार."

काकूंची बोटं चालू लागली. "सात गाड्या म्हणजे पस्तीस हजार. भरायचे?"

"भरायचे नाहीत, हाताशी असायला हवेत. पैसा आटला की धंदेवाला पहिली काटछाट करतो ती ब्रेकवर आणि टायरवर. ती वेळ येऊ नये म्हणून. शिवाय मालकाची आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजरची पत चांगली लागते. गाड्यांची हेळसांड झाली तर कमिशनर पब्लिक इन्क्वायरीला बोलावतो. चारचौघांत प्रश्नांची सरबत्ती, आणि उत्तरं पटली नाहीत तर गाड्या कमी करतो, नाही तर लायसन्सच काढून घेतो."

"आणि हा मॅनेजर कोण? तुझा नवरा?"

"मी. तो कामं आणतो, मी गाड्या सांभाळते."

"तू?" काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तरीच! मागे रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तुझ्या स्वैपाकघरात दिवा असायचा. मी ह्यांना म्हटलं, बिनसलंय दोघांचं. रात्रीची एकटीच टेबलाशी बसून असते, समोर कागद, डोळे पुसते..."

"चष्मा पुसत असेन! परीक्षा होती. एक पेपर पर्याय निवडायचा, दुसऱ्यात एक कंपनी रंगवून दिलेली असते: इतक्या गाड्या, इतके ड्रायव्हर, माल अमक्या गावाला न्यायचाय, आता वेळापत्रक लावा आणि खर्च काढा. ते वेळापत्रक लावताना घाम फुटतो. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायलाच हवं. दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा फार तर 10. आठवड्याला 56. आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून 90."

"छप्पन दुणे एकशे बारा होतात."

"तिथेच तर मेख आहे. एका आठवड्यात 56 तास हाणले की पुढच्यात 34च उरतात."

"आणि हे मोजत कोण बसतं?"

"गाडीत टॅकोग्राफ असतो. ड्रायव्हरनं बसताना आपलं कार्ड त्यात घालायचं. गाडी हलली, थांबली, ड्रायव्हर दुसरं काही काम करत होता की आराम, मिनिटामिनिटाची नोंद होते. कार्डावरचं मी 28 दिवसांच्या आत उतरवून घेते, गाडीतलं 90 दिवसांच्या आत. नवरा कुठे आहे, यापेक्षा ड्रायव्हर कुठे आहेत, ते मला जास्त ठाऊक असतं."

"हे कार्ड नवऱ्यांसाठी मिळत नाही का गं?"

घराच्या बाजूच्या बोळातून बादलीचा आवाज आला. काका तिथे गाडी धूत होते. "मी ऐकतोय," ते म्हणाले.

"ऐका, ऐका. पेढेही घ्या. सईला कांस्यपदक मिळालंय."

काका हात पुसत आले. पेढा घेऊन त्यांनी आधी विचारलं, की शिक्का देणारा कोण, सरकार का धंदेवाले? मग स्वतःच सांगू लागले. "आपल्याकडे हे होतंच की. मी बँकेत असताना व्यापारी बिल्टी घेऊन यायचे, तिच्यावर पैसे उचलायला. आम्ही आधी बघायचो, ट्रान्सपोर्टर आयबीएच्या यादीत आहे का. इंडियन बँक्स असोसिएशनची शिफारस असलेले ट्रान्सपोर्टर. यादीत नाव असेल तर त्याच्या बिल्टीला किंमत, नाही तर तो नुसता कागद. माल खरंच गाडीत चढला का, ते बँकेतल्या खुर्चीवर बसून कसं कळणार?"

"अगदी तेच, काका. फाटकावरच्या माणसाला माझ्या गाडीचे ब्रेक उघडून बघता येत नाहीत. तो शिक्का बघतो. फक्त तुमची यादी पैसे बुडू नयेत म्हणून होती, ही माणसं मरू नयेत म्हणून आहे."

काका पुन्हा बादलीकडे गेले. काकूंनी दुसरी चादर उचलली, पण घातली नाही. "तुझ्या वडिलांच्याही गाड्या होत्या ना कऱ्हाडला? ते काय म्हणतात या सगळ्याला?"

"हसतात. आमच्या दोन गाड्या होत्या. पासिंग जवळ आलं की घरात लगीनघाई. गाडीला रंग काढायचा, नवे रिफ्लेक्टर ठोकायचे, आणि टायर गुळगुळीत झालेले असले तर त्या दिवसापुरते ओळखीच्याच्या गाडीचे चढवायचे. आरटीओतून पास होऊन आली की ज्याचे टायर त्याला परत."

"म्हणजे उसन्या दागिन्यांवर नवरी उभी करायची."

"तेच. पण एक सांगू? रोज पहाटे गाडी निघायच्या आधी क्लीनर टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत फिरायचा. हवा भरलेली असली तर टणक आवाज, कमी असली तर बद्द. बाबा अंथरुणात पडल्या पडल्या ओरडायचे, ‘मागचा आतला बघ रे!’ आणि तोच निघायचा. ती तपासणी खरी होती, पण तिचा कागद कुठेच नव्हता. ज्याचा कागद होता तो सगळा देखावा. इथे मला काय करायचंय, तर पहाटेचं ते टॉमी ठोकणं कागदावर आणायचंय, आणि कागद आला म्हणून ठोकणं थांबू द्यायचं नाही."

"थांब थांब. मी सकाळी कालव्याकाठी फिरायला जाते ना, तेव्हा तुमच्या यार्डात एकजण टॉर्च घेऊन टिपरभोवती प्रदक्षिणा घालताना दिसतो. चाकापाशी वाकतो, पुन्हा पुढे. मला वाटलं, भाविक दिसतोय."

"तो रोजचा चेक. गाडी यार्डाबाहेर काढायच्या आधी ड्रायव्हरनं फेरी मारायची. दिवे, आरसे, टायर, ब्रेकची हवा गळते का, नंबरप्लेट चिखलानं झाकलीय का. चाकाच्या नटांवर ते पिवळे प्लॅस्टिकचे बाण पाहिलेत?"

"शोभेचे?"

"शोभेचे नाहीत हो. नट घट्ट आवळला की शेजारच्या दोन नटांवरचे बाण एकमेकांकडे तोंड करून बसवायचे. नट ढिला होऊन किंचित फिरला की बाणानं तोंड फिरवलंच. अंधारात नुसता टॉर्च मारला तरी दिसतं. बत्तीस टनांच्या टिपरचं चाक रस्त्यात निखळलं तर समोरच्याचं काय होईल?"

काकूंनी कल्पना केली आणि मान झटकली. "आणि हे सगळं तो लिहून ठेवतो?"

"दोष असेल तर दोष लिहायचा, नसेल तर ‘नाही’ लिहायचं. सही, तारीख, वेळ. मी ते 15 महिने जपायचं. शिवाय दर सहा आठवड्यांनी वर्कशॉपची मोठी तपासणी, तिचे वेगळे कागद. पण खरी गोष्ट या रोजच्या पुस्तकांत असते. माझ्या ड्रायव्हरांतले दोघे घ्या. एकाचं पुस्तक कसं, मोत्याच्या अक्षरात. रोज ‘दोष नाही, दोष नाही, दोष नाही’. दुसरा रोमानियाचा, त्याचं पुस्तक म्हणजे तक्रारींचा पाढा. डावा इंडिकेटर लागत नाही. वॉशरला पाणी नाही. मधल्या चाकाचा बाण फिरलाय. ताडपत्रीची दोरी तुटलीय. सुरुवातीला मला वाटायचं, काय किरकिऱ्या माणूस आहे, हा माझं ब्राँझ घालवणार."

"मग?"

"मग एकदा पुस्तकं आणि टॅकोग्राफ शेजारी ठेवून बसले. मोत्याच्या अक्षरवाल्यानं कार्ड घातल्यापासून दोन मिनिटांत गाडी हललेली. रोज! आठ चाकांच्या गाडीभोवती नुसतं चालत फिरायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो."

"अगं बाई! म्हणजे हा गाडीत बसूनच लिहायचा?"

"बसून, आणि बहुतेक आठवड्याचं एकदम. त्याला समोर बसवलं, सगळं दाखवलं, मग यार्डात नेऊन त्याच्याबरोबर फेरी मारली. त्याच फेरीत मागचा एक दिवा बंद सापडला. हे सगळं मी लिहून काढलं: काय आढळलं, काय समज दिली, पुन्हा केव्हा तपासलं. नवरा म्हणाला, वेड लागलंय का? आपलीच चूक आपल्याच फायलीत? ऑडिटर आला की पहिलं तेच वाचेल."

"वाचलं?"

"वाचलं ना. त्यानं आधी कुठलीही तीन नावं उचलली आणि म्हणाला, यांची लायसन्सं शेवटची कधी तपासलीत ते दाखवा. पाच वर्षांत 35 तासांचं प्रशिक्षण झालंय का, दाखवा. गाडी चोरीला जाऊन कुणी ती गर्दीत घातली तर, त्यासाठी काय खबरदारी घेता? किल्ल्या कुठे असतात? मग ड्रायव्हरांची पुस्तकं. मोत्याचं अक्षर भराभर उलटून गेला. किरकिऱ्याच्या पुस्तकावर मात्र थांबला. एकेक दोष घेतला आणि विचारलं, हा दुरुस्त कुणी केला, कधी, त्याची सही कुठे? बाण फिरल्याची नोंद सकाळची, नट आवळल्याची सही त्याच सकाळची, आणि गाडी निघाल्याची वेळ त्यानंतरची. एवढं जुळलं तेव्हा कुठे त्यानं चहा मागितला."

"तरी म्हटलं, चहा घेतला नाही म्हणजे काय!"

"शेवटी माझा तो कागद. तो त्यानं दोनदा वाचला. काही बोलला नाही, पण त्याच्या यादीत खूण केली. मला तेव्हा कळलं, काकू. ज्या धंद्याच्या वहीत एकही दोष नाही तिथे दोष नसतात असं नाही, बघणारं कुणी नसतं. लिहिलेला दोष आणि त्याच्या शेजारी दुरुस्तीची सही, ही जोडी बघायला तो येतो."

काकूंनी विचार केला. "हे सुनांच्या बाबतीतही खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि कुणाच्या सुनेबद्दल ते न सांगता तिसरा पेढा घेतला.

"आणि तक्रारवही! ती बघितल्यावर तर त्याचा चेहरा खुलला. बाहेरच्या माणसानं तक्रार केली, आम्ही ती घेतली, ड्रायव्हरला विचारलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, सगळं पानावर होतं."

"कुणी केली गं तक्रार?" काकू चिमटे मोजू लागल्या.

"नाव नाही सांगितलं. गाडीच्या मागे फोन नंबर रंगवलेला असतो ना, त्यावर फोन आला. वयस्कर बाई, आवाज करारी. म्हणाल्या, तुमचा टिपर आमच्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून उभा आहे, ड्रायव्हर आत बसून सँडविच खातोय, त्याचं सँडविच संपेपर्यंत माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांनी धूर का खावा?"

"हल्ली लोकांना कशाचं काय वाटेल सांगता येत नाही."

"खरंय. पण त्या फोनमुळे मी सगळ्यांना इंजिन बंद ठेवायचा नियम लेखी दिला, सह्या घेतल्या. ऑडिटर म्हणाला, हे छान आहे. तेव्हा त्या बाई कधी भेटल्या तर त्यांना माझा एक पेढा."

"भेटल्या तर देईन," काकू म्हणाल्या आणि चौथा पेढा पदराआड ठेवला.

"आता सिल्व्हरच्या मागे लागलोय. तिथे ड्रायव्हरांना शहरात गाडी चालवायचा वेगळा कोर्स. अर्धा दिवस वर्गात, अर्धा दिवस सायकलवर."

"अस्सं! म्हणजे तो प्रकार हा होता! परवा तुमचा तो पैलवानासारखा ड्रायव्हर, पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, सायकलवर डुगडुगत चाललेला. मी म्हटलं, लायसन्स गेलं बिचाऱ्याचं."

"लायसन्स शाबूत आहे. त्याला सायकलवर एवढ्यासाठी बसवतात की शेजारून लॉरी गेली की कसं वाटतं ते कळावं. तो आला तेव्हा घामाघूम झालेला. म्हणाला, मॅडम, त्या उंचीवरून आपण इतके आंधळे असतो हे ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, गाडी वळते डावीकडे, आणि सायकलवाला नेमका त्या डाव्या कोपऱ्यात असतो. लंडनमध्ये गाड्या जेवढे मैल चालतात त्यातले शंभरात चारच मैल लॉऱ्यांचे. पण 2015 ते 2017 या वर्षांत सायकलवाल्यांचे जे जीवघेणे अपघात झाले, त्यांतल्या साठाहून जास्त टक्क्यांत लॉरी होती. अशा अपघातांमुळेच हे सगळं वाढत गेलं. आधी 2015 मध्ये बाजूच्या जाळ्या आणि जास्तीचे आरसे सक्तीचे झाले. मग 12 टनांवरच्या लॉरीला तारे द्यायला लागले, केबिनमधून ड्रायव्हरला थेट किती दिसतं त्यावर, शून्य ते पाच. 2024 च्या ऑक्टोबरपासून निदान तीन तारे हवेत, नाही तर कॅमेरे, सेन्सर वगैरे सगळा सरंजाम बसवायचा. परमिट नसताना लंडनमध्ये शिरलं तर 550 पौंड दंड."

"म्हणून ती गाडी बोलते का? मी झेब्रा क्रॉसिंगला उभी, आणि टिपर मला सांगतोय, ‘सावधान, गाडी डावीकडे वळत आहे’. मी त्याला थँक यू म्हटलं."

"ती तीच. सिल्व्हरला तो आवाज, कॅमेरा, बाजूचे सेन्सर, सगळं लागतं. शिवाय डिझेल किती जळलं, अपघात किती, दंडाच्या पावत्या किती, याचा हिशेब द्यायचा. हे सगळं सांभाळत ब्राँझही चालू ठेवायचं. त्याला मुदत असते, संपली की पुन्हा तपासणी."

"आणि गोल्डला किती तोळे?"

"गोल्ड म्हणजे आपण काय सुधारलं आणि त्याचा गुण काय आला, ते इतरांना शिकता येईल असं मांडून दाखवायचं. त्याला अजून वेळ आहे."

"एवढं झाल्यावर रस्त्यात कुणी अडवत नसेल?"

"ते वेगळं आहे. डीव्हीएसए म्हणून सरकारी खातं आहे, त्यांची अर्न्ड रेकग्निशन योजना 2018 मध्ये सुरू झाली. गाड्यांची आणि ड्रायव्हरांची आकडेवारी दर चार आठवड्यांनी सिस्टिममधून आपोआप त्यांच्याकडे जाते, आणि ती चांगली राहिली तर रस्त्यात थांबवायचं प्रमाण कमी. पण त्यासाठी सगळं कॉम्प्युटरवर हवं. माझा मोत्याच्या अक्षरवाला अजून कागदावरच..."

बोलता बोलता सईचं लक्ष बोळातल्या गाडीकडे गेलं. काका पुढच्या काचेवर फडकं फिरवत होते. चाकं वळवलेली होती, आणि डावं पुढचं चाक नेमकं कुंपणाच्या खिंडाराकडे तोंड करून होतं.

"काका, वीस पेन्सचं नाणं आहे?"

"पार्किंगला हवंय?"

"नाही. त्या टायरच्या खाचेत उभं घाला. डाव्या पुढच्या. नाण्याची बाहेरची कड दिसते का बघा."

काकांनी खिशातून नाणं काढलं, वाकले, खाचेत घातलं, चष्मा वर केला. कड दिसत होती. पहिल्या खाचेत दिसली, दुसऱ्या खाचेतही दिसली.

"गाडी पास आहे," काका सरळ होत म्हणाले. "गेल्याच महिन्यात एमओटी झाली. कागद आहे माझ्याकडे."

"आणा बघू."

कागद घरातून आला. वर ठळक अक्षरांत ‘पास’. सईनं बोट खाली नेलं. तिथे सल्ला म्हणून एक ओळ होती: पुढचा डावा टायर झिजून कायद्याच्या मर्यादेजवळ आला आहे.

"हे तुम्ही वाचलंत?"

"वर पास लिहिलंय ना? मग खालचं कोण वाचतंय!"

"काका, तो पास त्या दिवसाचा. मर्यादा 1.6 मिलिमीटरची, आणि त्यानंतर तुम्ही दोनदा लेस्टरला जाऊन आलात. याखाली गेलात तर एका टायरला अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, वर लायसन्सवर तीन पॉइंट. आज गाडी काढू नका."

"अडीच हजार!" काकूंच्या हातातली चादर खाली पडली. "अहो, आणि काल मला देवळात घेऊन गेलात ते याच चाकावर?"

"देवाच्याच कामाला गेलो होतो," काका पुटपुटले.

"ते काही नाही. सई, तुझ्या त्या पुस्तकातलं एक कोरं पुस्तक दे मला. गाडी काढायच्या आधी ह्यांनी फेरी मारायची. टायर, दिवे, पाणी, सगळं लिहायचं, खाली सही करायची. तपासणार मी."

"आणि काही दोषच नसला तर?" काकांनी विचारलं.

"लिहा की ‘दोष नाही’. पण आठवडाभर लागोपाठ लिहिलंत, तर मी स्वतः टॉर्च घेऊन बाहेर येईन."